शिवण बाहेरच्या बाजूला

१२ फेब्रुवारी

चि. बडबडीस,

मामाचे आशीर्वाद, आणि सोबत एक चापट. चापट तुझ्या आईनं मागवलीय, मी फक्त पोचवतोय. परवा फोनवर ताई बराच वेळ तुझ्याबद्दलच बोलत होती. फोन तिच्याकडे दे म्हटलं, तर म्हणाली, बाईसाहेब घरात असतील तर ना. म्हणून हे पत्र. आणि तू घरात असलीस तरी ताई बाजूला उभी राहून तुझी उत्तरं आपणच देणार, तेव्हा पत्रच बरं.

तक्रारी अशा आहेत. केस पोरासारखे कापलेस. कारखाना जळाल्यापासून दुसरं काम बघत नाहीस. बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या पायऱ्यांवर कुठल्याशा टोळक्यात बसतेस, तिथं एक जण पत्र्याचा डबा बडवतो आणि बाकीचे गळा काढतात. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे शर्ट उलटा घालून गावभर हिंडतेस, शिवण बाहेर, लेबल बाहेर. शेजारी तोंड दाबून हसतात, असं तिचं म्हणणं.

मी म्हटलं, अगं ताई, आपल्या घरात हे काय पहिल्यांदा होतंय? माझे केस खांद्यावर आले होते, तेव्हा बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मला झोपेत गाठून कात्री चालवली होती. एक बाजू झाली आणि मी जागा झालो. मग आठवडाभर तसाच अर्धा भादरलेला फिरलो, मुद्दाम. गिटार वाजवायचो, म्हणजे ती माझ्याकडून वाजायची नाही, पण गळ्यात असायची. आज मी नावाजलेल्या कंपनीत कटिंग मास्तर आहे आणि डोक्यावर कापायला काही उरलेलं नाही. वय असतं एकेक, जातं.

पण कपड्यातला माणूस म्हणून विचारतो, उलट्या शर्टाची कल्पना कुणाची? कापडाच्या आतल्या कडेवरची ती ओव्हरलॉकची शिवण दिसत नाही का? सविस्तर लिही. एरवी तुला गप्प बस म्हणावं लागतं.

तुझा मामा

२० फेब्रुवारी

मामा,

चापट पोचली. सविस्तर म्हणालास, तर आता वाचायला बस.

आईनं कारखाना जळाला एवढंच सांगितलं असणार. बॉबिनबद्दल ती बोलत नाही. बॉबिन माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. अंगानं एवढीशी आणि दिवसभर गरगर फिरणारी, म्हणून बॉबिन. आमच्या मजल्याच्या दाराला काम चालू असताना बाहेरून कुलूप असायचं. पीस चोरीला जाऊ नयेत, आणि लॉट पुरा झाल्याशिवाय कुणी उठू नये, म्हणून. किल्ली सुपरवायझरकडे. आग खालच्या मजल्यावर कापडाच्या गठ्ठ्यांना लागली तेव्हा सुपरवायझर चहाला गेला होता. मी त्या दिवशी तापानं घरी होते. बाकीच्या मागच्या खिडकीतून उड्या टाकून वाचल्या, बॉबिन आणि तिच्या रांगेतल्या आणखी तिघी दाराला लागून सापडल्या. मालक म्हणतो कुलूप नव्हतंच, मुलींनी घाबरून दार आतून ओढून धरलं. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं.

बॉबिनला नेलं त्या सकाळी मी घाईत शर्ट उलटा घातला. वाटेत कुणी सांगितलं नाही, कारण असलं काही सांगावं अशी ती वेळच नव्हती. तिच्या दारात गेल्यावर तिची धाकटी बहीण माझ्याकडे बघत राहिली. तिला आम्ही पिटुकली म्हणतो. मी शर्ट काढून नीट करायला आडोसा शोधायला लागले, तर ती म्हणाली, "ताई, राहू दे असाच." आत गेली, आपलाही शर्ट उलटा करून आली आणि माझा हात धरून चालायला लागली. दुसऱ्या दिवशी मजल्यावरच्या उरलेल्या सगळ्या तशाच आल्या, कुणी कुणाला न सांगता.

मग आम्हालाच त्याची गंमत कळली. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही. आमच्या अंगावर कारखान्यातलेच नापास झालेले, स्वस्तात मिळणारे शर्ट असतात. उलट्या बाजूला आमचे टाके दिसतात, दोऱ्याची टोकं दिसतात, आणि मानेमागं लेबल दिसतं, म्हणजे कुणासाठी शिवलं तेही दिसतं. आणि मुख्य म्हणजे लोक विचारतात. बसमध्ये, रांगेत, दवाखान्यात, कुणी ना कुणी म्हणतंच, अगं मुली, शर्ट उलटा आलाय. मग आम्ही दाराची गोष्ट सांगतो. आता आमच्यात कॉलेजची मुलं आहेत, पेपर टाकणारे आहेत, हॉटेलात भांडी घासणारे आहेत. डबा बडवतो तो सुताराचा मुलगा, काटकुळा, म्हणून खिळा. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी उलट्या शर्टाची पोरं वर्गाबाहेर उभी केली, तर सुट्टीत अख्खा वर्ग शर्ट उलटे करून त्यांच्या शेजारी उभा राहिला. मागणी एकच आहे, काम चालू असताना दाराला कुलूप नको, इथल्या कुठल्याच कारखान्यात नको.

केस मात्र उगाच कापले. सगळ्यांनी कापले म्हणून मीही. तेवढी मजा आम्हालाही करू दे.

आणि हो, ओव्हरलॉक दिसतं. लेबल तुझ्याच कंपनीचं आहे, मामा. आईनं ते कधी वाचून पाहिलेलं नाही.

तुझी भाची

३ मार्च

चि. बडबडीस,

तुझं पत्र मामीला दाखवायचं धाडस झालं नाही. खिशात घेऊन फिरलो. पहिल्या पत्रातली थट्टा मागं घेतो.

पण एक समजून घे. आमची कंपनी काम एका ठेकेदाराला देते, तो दुसऱ्याला, दुसरा तुमच्या मालकासारख्या कुणाला तरी. आमच्या साहेबांना तुमच्या दाराची कल्पनाही नसेल. माणूस वाईट नाही. मी कामावर चक्कर येऊन पडलो होतो, तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या गाडीतून घरी पोचवलं, वर दुसऱ्या दिवशी चौकशी केली. असं कोण करतं?

तेव्हा असं कर. तुमच्यासारखा एक शर्ट मला पाठव. मी तो त्यांच्या टेबलावर ठेवतो आणि सगळं सांगतो. त्यांनी मनात आणलं तर एका फोनचं काम आहे. पायऱ्यांवर डबा बडवून कुलूप निघत नसतं, पोरी. हे मी गिटार गळ्यात घालून फिरलेला माणूस सांगतोय.

केस वाढव. माझ्यासाठी नको, ताईसाठी.

मामा

१९ मार्च

मामा,

सोबत पार्सल आहे. आधी पत्र वाच, मग उघड.

पाठवू नये असंच सगळ्यांचं म्हणणं होतं. खिळा म्हणाला, ज्याचं लेबल त्याच्याच हातात नेऊन देतेस? मी म्हटलं, त्याच्या नाही, माझ्या मामाच्या हातात देतेय.

मी रोज घालते तोच शर्ट पाठवणार होते. घडी घालायला घेतला आणि लाज वाटली. कॉलरला घामाचा पट्टा, काखेत उसवलेला, आणि तू कटिंग मास्तर. म्हणून पिटुकलीच्या घरच्या मशीनवर नवा शिवला, मुळापासून उलटा घालायच्या बेतानंच. दोरा लाल घेतला, साहेबांची नजर शिवणीवरून घसरू नये म्हणून. बाहीची गोलाई बघ. इतकी चांगली मला आधी कधी जमली नव्हती. शिवताना मला बरं वाटत होतं, मामा, किती तरी दिवसांनी. लेबल जुन्या शर्टाचं उसवून मानेमागं बाहेरून लावलंय.

एकच विनंती आहे. आधी दाराबद्दल सांग, बॉबिनबद्दल सांग, आणि मग शर्ट दाखव. उलट करू नकोस.

वाट बघते. पायऱ्यांवर सगळेच वाट बघताहेत, तोंडानं नाही म्हणत असले तरी.

तुझी भाची

२ जून

चि. बडबडीस,

उशीर झाला. कामातून मान वर करायला फुरसत नव्हती, आणि काहीतरी पक्कं झाल्यावरच लिहावं असं मनात होतं.

शर्ट उघडला आणि थक्क झालो. मी तीस वर्षं या धंद्यात आहे, बाहीची तशी गोलाई आमच्या खात्यात दोघांनाच जमते आणि दोघंही म्हातारे आहेत. साहेबांना दाखवला. आधी शर्टच दाखवावा लागला, ते बैठकीला निघाले होते, उभ्या उभ्याच होते. त्यांनी तो खिडकीशी उजेडात धरला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, कुणी शिवलाय हा? माझी भाची, म्हणालो. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू. दाराचंही काढलं मी. ते म्हणाले, बघतो.

आता आनंदाची बातमी. कल्पना त्यांना फारच आवडलीय. तरुण पोरांचं स्वतःचं असं काही असतं ना, ते कुणाला कागदावर काढून सुचत नाही, असं म्हणाले. येत्या हंगामात, याच महिन्याअखेर, उलटे शर्ट बाजारात येताहेत, लाल दोरा, मागं लेबल चांगलं तळहाताएवढं. नमुने मी स्वतः कापले. तुम्ही बसमध्ये एकेकाला सांगत बसायचात, आता घरोघरी पोचेल. आणि काम तुमच्याच गावात द्यायचं ठरतंय, तुमच्याच मालकाकडे, त्याची नवी इमारत होतेय. मुलींच्या हाताला काम लागेल. तुझं नाव सांगून ठेवलंय.

उत्तर लगेच लिही. रागावली नाहीस ना?

मामा

९ सप्टेंबर

मामा,

उत्तर देणारच नव्हते. पण न सांगता राहिलं तर तू आनंदातच राहशील, आणि ते मला सहन होत नाही.

तो शर्ट इथल्या मोठ्या दुकानात काचेमागं पुतळ्याच्या अंगावर आहे. बाहीवरून मी लगेच ओळखला. शाळेतली पोरं घालतात. त्या मुख्याध्यापकांचा मुलगा घालतो. आमच्या मालकाचा मुलगा घालतो, त्याच्यासोबत गाडीतून उतरणारे त्याचे मित्र घालतात. आई खूश आहे. म्हणाली, आता चांगल्या घरच्या मुलीही घालतात, मग तू घातलास तर कोण काय म्हणणार.

कोणीच काही म्हणत नाही, मामा, तीच गोष्ट आहे. पूर्वी बसमध्ये कुणीतरी विचारायचंच, शर्ट उलटा का. आता विचारतात, कुठून घेतलास. मी दाराचं सांगायला लागते, तर हो का, हो का म्हणत बाहीचं कापड चिमटीत धरून बघतात. एक बाई म्हणाली, अगं हो, असं काहीतरी त्या जाहिरातीत आहे ना? जाहिरातीत दार नाही. मी पाहिलीय.

आणखी आहे. पायऱ्यांवर आम्ही शर्ट बघून सरकून जागा द्यायचो, नाव-गाव नंतर. जुलैत एक जण येऊन बसायला लागला. शर्ट दुकानातला होता, पण तेव्हा तर निम्म्यांचे दुकानातलेच होते. गोड बोलायचा, चहा पाजायचा, सगळ्यांचे पत्ते त्याला पाठ झाले. नव्या इमारतीवर मोर्चा कधी न्यायचा हे त्याच्यासमोरच ठरलं. आदल्या दिवशी खिळ्याला पोलिसांनी घरातून उचलून नेलं. नेताना त्या गोड बोलणाऱ्यानंच बोट दाखवलं, तोच शर्ट अंगात. खिळा सुटून आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. अजून मिटत नाहीत. सुतारकामही गेलं त्याचं. त्याच्या आईनं पत्र्याचा डबा भंगारात दिला.

पायऱ्यांवर आता कुणी बसत नाही. भीती तर आहेच, पण आपल्यातलं कोण हे कळायला काही राहिलं नाही.

तू केसानं गळा कापलास असं मी म्हणणार नाही. माझी भाची, असं तू छाती फुगवून म्हणालास, ते मला अगदी खरं वाटतं आणि त्याचाच जास्त राग येतो. उसवलेला, घामट शर्ट पाठवला असता तर साहेबांनी दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला असता, पण तुला बोलायला तरी दिलं असतं.

मी शर्ट सुलटा घालते आता. केसही वाढताहेत. आईला सांग, म्हणजे तिला बरं वाटेल.

२५ सप्टेंबर

चि. बडबडीस,

चारदा लिहायला बसलो. त्या मुलाच्या हाताचं ऐकून मला रात्रभर झोप नाही. पण त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस, पोरी. मी एक शर्ट दाखवला, दुसरं काय केलं?

झालं ते झालं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तरी म्हणतो. भाऊजींच्या छातीचं दुखणं वाढलंय आणि त्यांचं काम सुटलंय, हे ताईनं सांगितलं. तू लिहिलं नाहीस. तुमच्या मालकाच्या नव्या इमारतीत सुपरवायझरची जागा आहे. साहेबांनी माझ्या शब्दाखातर तिथं कळवलंय. मालक कुरकुरला, पण हो म्हणाला.

नाही म्हणण्याआधी माझं ऐक. दार उघडं राहावं असंच तुला हवंय ना? मग किल्ली ज्याच्या हातात तोच ते उघडं ठेवू शकतो. बाहेर उभं राहून घसा कोरडा केलात, काय झालं? आत जा. किल्ली तुझ्या हातात असली तर ती वेळ पुन्हा येणारच नाही. माझ्यावर राग धर, पण जागा सोडू नकोस.

मामा

३० नोव्हेंबर

मामा,

लागले कामाला. बाबांचं औषध पुन्हा सुरू झालं. थोडा फरक आहे.

किल्ली पहिल्याच दिवशी मिळाली. मी दार उघडं ठेवलं, सताड. पिटुकली आमच्याकडेच लागलीय, तिची मशीन दारासमोर आहे. दार उघडं बघून तिनं माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्या दिवशी मला वाटलं की तुझं खरं होतं.

मालक एका शब्दानं बोलला नाही. पुढं एका लॉटमध्ये पीस कमी भरले. खरंच कमी होते की मोजले तसे, कोण जाणे. ते माझ्या पगारातून गेले. पुढच्या लॉटमध्ये पुन्हा कमी. मालकानं बोलावलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, दार उघडं ठेवायचं तर ठेव, माझी हरकत नाही, तुझी मर्जी. त्या महिन्यात बाबांचं औषध मध्येच बंद करावं लागलं आणि ते रात्री भिंतीला टेकून बसून राहायचे.

आधीच्या सुपरवायझरलाही असंच म्हणाला असेल. त्याचा मला पूर्वी किती राग यायचा.

आता मी कुलूप लावते. पण चहाला जात नाही, कुठंच जात नाही. बाहेर दाराला लागून स्टूल टाकलंय, त्यावर बसून असते, किल्ली मुठीत. माझ्याच्यानं एवढंच होतं.

तुझी भाची

१४ जानेवारी

चि. बडबडीस,

स्टुलावर बसून असतेस हे वाचून डोळे भरून आले. असा सुपरवायझर त्या मुलींना कुठून मिळाला असता? तू आहेस म्हणून त्यांच्या आयांना झोप लागत असेल. मामीलाही वाचून दाखवलं, या वेळी लपवलं नाही. ताई म्हणते, मुलगी शहाणी झाली. मी म्हटलं, होणारच, भाची कुणाची.

आमच्याकडे धावपळ आहे. उलटा शर्ट आता उतरला, गोदामात गठ्ठे पडलेत, अर्ध्या किमतीला काढताहेत. एका हंगामात जुना झाला, काय पोरं आहेत. साहेब काल माझ्या टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मास्तर, तुमच्या भाचीकडे सध्या मुलामुलींचं काय चाललंय हो? मी म्हटलं, विचारतो. तुझी नजर तयार आहे. तिथं दिवसभर त्या वयाच्या मुलीच तुझ्यासमोर असतात. काही नवं दिसलं तर दोन ओळी टाक. शर्ट बिर्ट पाठवायची गरज नाही, नुसतं वर्णन चालेल.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

विचारलंस म्हणून सांगते. हो, चाललंय काहीतरी. सकाळी मुली येतात तेव्हा सगळ्यांच्यात एक गोष्ट सारखी असते. सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. एकदा आलं, आणि मग रोज तेवढंच दिसायला लागलं. काय ते मी तुला लिहिणार नाही. तुझ्यावर राग आहे म्हणून नव्हे, तू सांगितल्याशिवाय राहणार नाहीस म्हणून.

त्या तसं का करतात, ते मलाही माहीत नाही. मी विचारलं, अगदी सहज, हसत. सगळ्यांनी मशिनी सुरू केल्या. आम्हाला कुणी विचारलं की आम्ही किती बोलायचो, आठवतंय? या कुणाला काही सांगत नाहीत. आमच्याकडे बघून शिकल्या असतील.

पिटुकलीही त्यांच्यात आहे. काजं करायला तिला मीच शिकवलं. दाराला कुलूप लागलं त्यानंतरही ती मला ताईच म्हणायची, कधी कधी आतून दारावर टकटक करून विचारायची, ताई, आहेस ना? मी म्हणायचे, आहे गं. गेल्या आठवड्यात मालकानं सांगितलं की सुटताना मुलींच्या पिशव्या तपासायच्या, आणि तपासायच्या म्हणजे मी. मी तपासल्या. तिची पिशवी तिनं माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवली. मी वाकून उघडली. डबा, रुमाल, कंगवा, आणि बॉबिनचा एक फोटो होता.

आज सकाळी ती सगळ्यांच्या मागून आली. मी स्टुलावर होते. आत गेली, वळली, माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, आपण अनोळखी माणसाकडे बघतो तसं. म्हणाली, "मॅडम, आल्या सगळ्या. लावा कुलूप."

मी उठले आणि लावलं.